बियाण्याच्या घरचा जगदेव

जगदेव भोपळे कोणाच्याही घरी जेवायला बसला की आधी भाकरीचा तुकडा मोडून उजेडाकडे धरायचा. मोडलेली कड अंगठ्याने दाबायचा, वास घ्यायचा, आणि मग वाढणाऱ्या बाईला विचारायचा, "जवारी कोनच्या वावरातली हाय, काकू?" पहिल्यांदा तो नांदुऱ्याला आमच्या घरी आला तेव्हा माझ्या आईला वाटले, भाकरी कच्ची राहिली. ती दुसरी आणायला उठली.

"बसा हो काकू, भाकर झकास हाय," तो म्हणाला. "मी जवारीले पाहून राह्यलो."

पुढे मोठमोठ्या लोकांनी त्याला जेवायला बोलावले. एका मंत्र्याच्या बंगल्यावरही त्याने भाकरी अशीच उजेडाकडे धरली होती, असे तिथे हजर असलेल्या एका गृहस्थाने मला सांगितले. त्या गृहस्थाला ते असभ्य वाटले होते.

गेल्या महिन्यात जगदेव गेला. चाळिशी त्याने जेमतेम ओलांडली होती. वर्तमानपत्रांनी त्याची पदके, परदेश प्रवास, त्याच्या नावावरचे ज्वारीचे संकरित वाण, सगळे छापले. बहुतेक बरोबर होते. एकाने जन्मगाव नांदुरा दिले होते. तो नांदुऱ्याचा नव्हे, वडनेर भोलजीचा. ही चूक कळवावी म्हणून मी त्या संपादकांना पत्र लिहायला घेतले. दोन ओळींत काम होण्यासारखे होते. पण वडनेर का, हे दोन ओळींत सांगता येईना.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी आम्ही दोघे खामगावला कॉलेजात दाखल झालो. वडिलांच्या आग्रहाखातर मी विज्ञान घेतले होते. वर्षभरात मी कलाशाखेकडे वळलो आणि पुढे नांदुऱ्यालाच शाळामास्तर झालो. पण ते एक वर्ष आम्ही एका खोलीत काढले. दोन खाटा, एक स्टोव्ह आणि जगदेवने घरून आणलेले पिठाचे गाठोडे. उंच, काटकुळा, मान जरा पुढे काढून चालणारा. रस्त्याने जाताना त्याची नजर खालीच असायची. आम्ही बोलत बोलत पुढे निघून जायचो आणि मागे पाहावे तर हा कुठल्या तरी कुंपणाशी उकिडवा बसून गवताचे कणीस सोलतो आहे.

कोणतीही गोष्ट विचारली की त्याचे एक उत्तर ठरलेले असे. "पाहू दे मले आधी." खानावळीत आज वरण आहे का, या प्रश्नालाही तो उठून, जाऊन, पाहून उत्तर द्यायचा. मी पुस्तकात वाचलेले काही सांगितले तर म्हणायचा, "पंडित, तू पाह्यलं काय बे?" मी नाही म्हटले की विषय संपायचा.

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्हांला ज्वारीच्या फुलाची आकृती काढायला दिली होती. शिकवणारे सर पुण्याकडचे होते. त्यांनी फळ्यावर नेटकी आकृती काढली, आम्ही सगळ्यांनी ती उतरवली. जगदेवने पुढ्यातले कणीस भिंगाखाली धरून वेगळेच काहीतरी काढले होते. सरांनी वही उचलून वर्गाला दाखवली.

"भोपळे, हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. कनसात हाय."

वर्ग खदखदून हसला. सरही हसले, पण त्यांनी त्याला दहापैकी तीन गुण दिले. जगदेवला त्याचे काही वाटल्याचे दिसले नाही. संध्याकाळी स्टोव्ह पेटवताना तो एवढेच म्हणाला, "सरायचं बी बरोबर असन. त्यायची जवारी दुसरी असन." हे तो उपहासाने म्हणाला नव्हता. त्याला उपहास येत नसे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी त्याच्या घरी गेलो. वडनेरला मातीच्या भिंतींचे, रुंद ओट्याचे घर होते. जमीन फार नव्हती. पण त्या घराला गावात जो मान होता तो तिथल्या मोठ्या जमीनदारांनाही नव्हता. गावातली निम्मी घरे पेरणीचे बी या घरून नेत. म्हणून त्याला सगळे बियाण्याचे घर म्हणत.

जगदेवचे वडील सुपडाजी. त्यांच्या आईची आधीची मुले जगली नाहीत म्हणून त्यांना जन्मल्यावर सुपात घालून ओढले, त्यावरून हे नाव. बुटके, कमी बोलणारे. ज्वारी कापणीला येण्याआधी पंधरा दिवस ते एकटेच वावरात फिरत. पसंतीला उतरलेल्या ताटाला, म्हणजे ज्वारीच्या धांड्याला, ते जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. चिंधी बांधलेल्या कणसाला मग मजुराने विळा लावायचा नाही. ती कणसे ते स्वतः खुडत आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला टांगत. सहा महिने धूर लागून कणसे काळसर होत. त्यांना कीड शिवत नसे.

आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लोक बी न्यायला येत. सुपडाजी प्रत्येकाला त्याच्या जमिनीची विचारपूस करत, आणि मग कोणत्या कणसांचे बी द्यायचे ते ठरवत. मोबदला घेत नसत. मी शहाणपणाने विचारले, "काका, विकत का देत नाही?"

"बी कोनी इकते काय, पोरा?" ते म्हणाले. "उद्या म्हनशीन, पोरगी इका."

जगदेव बाजूला बसून कणसे निरखत होता. त्याच्याकडे हनुवटी करून सुपडाजी म्हणाले, "याले कॉलेजात टाकलं. म्हटलं, आपुन नजरेनं करतो ते हा समजून करीन." त्यांच्या तोंडून मुलाविषयी मी ऐकलेले हे सर्वांत लांब वाक्य.

जगदेव शेतकीच्या पदवीला गेला, पहिला आला आणि ज्वारीच्या एका संशोधन केंद्रावर नोकरीला लागला. त्या काळी देशात धान्य कमी होते. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेले लोक त्या दिवसांना अजून नावे ठेवतात. जास्त पिकणारी ज्वारी हवी होती. जगदेवचे काम असे की, दुपारी एका कणसातल्या बारीक फुलांमधले पुंकेसर सुईने एकेक करून काढायचे, कणसावर कागदाची पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे पराग त्यावर झटकायचे. अशी शेकडो कणसे. एकदा मी त्याला भेटायला गेलो तर सगळ्या वावराने टोप्या घातल्यासारखे दिसत होते, आणि मध्ये कुठेतरी हा सुईला डोळा लावून बसला होता.

माझ्या लग्नाला तो आला नाही. चौथ्या दिवशी आला, खिशात चिमटा आणि दोन सुया.

"लगन तं पुन्हा पन पाह्यता येते," तो माझ्या बायकोला म्हणाला. "फुलोरा चार दिसाचा असते, वहिनी."

"पुन्हा कोणाचं लग्न पाहता, भाऊजी?" तिने विचारले.

तो गोंधळला. मग पुष्कळ वेळ हसत राहिला.

सातआठ वर्षांनी त्याला हवे ते सापडले. ठेंगणे ताट, भरगच्च कणीस, आणि उतारा गावरान ज्वारीच्या दुपटीहून अधिक. दिल्लीला पदक मिळाले. पुण्याच्या एका सभेत त्याने वऱ्हाडीतच भाषण केले. पुढच्या रांगेतले लोक आधी हसले आणि नंतर लिहून घेऊ लागले. नांदुऱ्याला बाजार समितीच्या आवारात मांडव घालून सत्कार झाला. सुपडाजींना व्यासपीठावर बसवले होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उभे राहिले, मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "पोरानं चांगलं केलं." मग बसले. टाळ्या थांबेनात.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर जगदेवने आपल्या ज्वारीचे बी घरी पाठवले. सुपडाजींनी आजवर बाहेरचे बी वावरात पडू दिले नव्हते. हे सगळ्या वावरात पेरले. फक्त विहिरीकडचा कोपरा गावरानला ठेवला, कारण नव्या ज्वारीची भाकरी आपल्याला मानवणार नाही असा त्यांचा कयास होता. जगदेव त्याच पावसाळ्यात अमेरिकेला वर्षभरासाठी शिकायला गेला.

पीक असे आले की मलकापूरकडची माणसे पाहायला आली. दिवाळीत मी फराळ द्यायला वडनेरला गेलो. जगदेवच्या आईने, माईंनी, मला स्वयंपाकघरात बोलावून आढे दाखवले. आढ्यावर ठेंगण्या ताटांची भरगच्च कणसे ओळीने टांगली होती. सुपडाजींनी नेहमीसारख्या चिंध्या बांधून, निवडून, खुडून आणलेली.

मला ते फार बरे वाटले. घरी आल्यावर मी जगदेवला हवाई पत्र लिहिले. त्यात लिहिले की, तुझ्या वडिलांनी तुझ्या ज्वारीची कणसे आढ्याला टांगली आहेत, आखाजीला ते तुझेच बी गावाला देणार आहेत. याहून मोठे पदक तुला कोण देणार?

मी भाषेचा मास्तर. संकरित बी एकाच पेऱ्यापुरते असते, त्याच्या पिकातले बी पुन्हा पेरले तर दोन्ही मूळ जातींचे गुण वेगवेगळे फुटून निघतात, हे मला ठाऊक नव्हते. ग्रामसेवकाला ठाऊक होते. बाकीच्या गावांत तो सांगत फिरला. वडनेरला तो सुपडाजींच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. खुद्द शास्त्रज्ञाच्या बापाला आपण काय सांगायचे, असे त्याला वाटले. आणि बियाण्याचे घर गावात असताना गावाने ग्रामसेवकाला काही विचारण्याचे कारण नव्हते.

आखाजीला चाळीसेक घरे आली. आढ्यावरचे सगळे बी गेले.

भाद्रपदात त्या चाळीस घरांच्या वावरांत जे उभे होते ते मी पाहिले आहे. एक ताट गुडघ्याएवढे तर शेजारचे डोक्याच्या वर. एक कणीस पिकलेले, एक अजून पानाच्या पोटरीत मिटलेले. काही कणसांत दाणाच धरला नव्हता. लोक सुपडाजींना तोंडावर काही बोलले नाहीत. पारावर मात्र बोलणे चाले. "सुपडाजीनं अवंदा वरात काहाडली," कोणीतरी म्हणे. "उंट बी हायेत अन् बकऱ्या बी."

त्याच सुमारास जगदेव परतला. मुंबईहून गाडीने नांदुऱ्याला उतरला, आणि आम्ही दोघे एस.टी.ने वडनेरला निघालो. वाटेत मी त्याला सगळे सांगितले. तो खिडकीतून बाहेर पाहत होता.

"तुहं पत्र भेटलं होतं मले," तो म्हणाला.

"कधी?"

"दिवाळीच्या महिनाभरानं. आखाजीले पाच महिने होते."

मी त्याच्याकडे वळून पाहिले.

"तीनदा लिहाले बसलो, पंडित. काय लिहू? बा, तुम्ही निवडलेलं बी आता चालत नाही, म्हनून? सारा जलम त्या मानसानं दुसरं काय केलं? म्हटलं, इतक्या दुरून कागदावर कसं सांगाव." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मंग आखाजी होऊन गेली."

ज्या माणसाने पाहिल्याशिवाय वरणाची खात्री दिली नाही, त्याला आढ्यावरच्या त्या कणसांत पुढे काय आहे ते हजारो मैलांवरून स्वच्छ दिसत होते. तरी तो गप्प राहिला.

सुपडाजी वावरातच भेटले. मुलगा सव्वा वर्षाने दिसत होता. त्यांनी त्याच्या खांद्याला एकदा हात लावला आणि त्याला पिकात घेऊन गेले. मी बांधावर थांबलो. बोलणे ऐकू येत होते.

"पाह्य," ते म्हणाले. "माह्या निवडीत काय चुकलं ते सांग."

"निवडीत काई चुकलं नाही, बा. हे बीच असं असते. एकदाच पेराचं असते."

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

सुपडाजींनी एक ठेंगणे ताट हाताने बाजूला सारले, पुन्हा सोडले. "अमेरिकेतून टपाल येत नाही काय बे?"

सुपडाजी घराकडे चालू लागले. संध्याकाळी जेवताना दोघे एकाच ओळीत बसले होते. जगदेवने भाकरी उजेडाकडे धरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरोघरी निघाला. मला सोबत घेतले. पहिले घर शेजारचे, किसनआबांचे. आबा ओट्यावर दोर वळत होते.

"आबा, चूक माही हाय," जगदेव उभ्यानेच म्हणाला. "ते बी एकाच वर्साचं असते. बाले मालूम नव्हतं, मले होतं. मी सांगतलं नाही."

आबांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. "बस. लेक असावा तं असा."

"मी खरं सांगून राह्यलो, आबा."

"सांग न. पन आमाले येडं समजतं काय? पेपरात तुहा फोटो आला. दिल्लीवाल्यायनं बिल्ला देल्ला. तुहं बी कसं बिघडन? म्हातारपनी नजर जाते मानसाची. तुह्या बापाची गेली. त्यात लाज कायची?"

सात घरे फिरलो. कोणी चहा दिला, कोणी पाटावर बसवले, एका म्हाताऱ्या बाईने त्याची दृष्ट काढली. खरे कोणालाच वाटले नाही. तो एखादा साधा कारकून असता तर कदाचित वाटले असते. आठव्या घरापाशी सुपडाजी स्वतः आले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतले.

"आता पुरे," ते म्हणाले. "तू जितकं सांगशीन, तितका मी आंधया होऊन राह्यलो."

जगदेव त्याच दिवशी नोकरीवर परत गेला. पुढे दरवर्षी नवे बी विकत घ्यायचे, हे गावाला हळूहळू कळले. पण का घ्यायचे, याचे गावाने आपले उत्तर ठरवून टाकले होते.

पुढच्या आखाजीच्या आठ दिवस आधी मला त्याचे कार्ड आले. "आखाजीला सकाळी वडनेरला ये. काम आहे." काय काम ते लिहिले नव्हते.

मी आठाच्या सुमारास पोहोचलो. ओटा सारवलेला होता. सुपडाजी धुतलेले धोतर नेसून बसले होते. पुढ्यात विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या गावरान ज्वारीचे सूपभर बी. ते त्यांनी नेहमीच्याच रीतीने निवडून, टांगून, झाडून ठेवले होते. समोरून लोक जात होते. रामराम घालत होते. कोणी वर चढत नव्हते. "उठा आता, काई खाऊन घ्या," असे माई आतून दोनदा म्हणाल्या. ते उठले नाहीत.

दहा वाजून गेल्यावर पाराशी सरकारी जीप थांबली. जगदेव उतरून चालत आला. पांढरा शर्ट, पायांत बूट. ओट्यापाशी आल्यावर त्याने बूट काढले, पण वर चढला नाही. खालीच उभा राहिला.

"बी घ्याले आलो," तो म्हणाला.

सुपडाजींनी मान वर केली. "घरात ये. पानी पी."

"बी घेऊन मंग."

"तमाशा करू नको, जगदेव. मले कोनाची दया नाही पायजे."

"दया नाही, बा." त्याचा आवाज प्रात्यक्षिकाच्या वर्गात होता तसाच सरळ होता. "माही जवारी पान्यात सापडली का काळी पडते. भाकर काळी होते, लोकं शिव्या देऊन राह्यले. तुमच्या कोपऱ्यातली जवारी मागच्या पावसात भिजली, तिचा दाना पांढरा राह्यला. मले वावरात लावाची हाय. दहा वर्सं लागतीन. पन तिच्यासारखी जात माह्यापाशी नाही."

सुपडाजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मुलगा खोटे बोलतो आहे का, हे ते पाहत असावेत. मग त्यांनी नेहमीसारखी विचारपूस सुरू केली. जमीन कोणती, पाणी साचते का, वारा कुठून येतो. जगदेव एकेक उत्तर देत गेला. एका उत्तरावर ते थांबले, सुपातले दाणे परत चाळले, काही बाजूला केले.

"कायच्यात नेतं?"

जगदेवने काही आणले नव्हते. माईंनी आतून लुगड्याचे फडके आणून दिले. त्याने ते दोन्ही तळहातांवर पसरले आणि हात पुढे केले. सुपडाजींनी सूप कलते केले.

जीपचा ड्रायव्हर गाडी ओट्यापर्यंत आणू लागला होता. जगदेवने त्याला मानेनेच थांबवले. गाठ मारली नाही. उघडे बी तसेच दोन्ही हातांवर धरून तो अनवाणी गल्लीतून चालू लागला. उन्हाने वाट तापली होती. त्याचे बूट ओट्याखालीच राहिले होते. ते घेऊन मी मागे निघालो.

सणाचा दिवस, माणसे ओट्यांवर बसलेली. किसनआबांनी विचारले, "काय नेतं बे, जगदेव?"

"बी. बाच्या हातचं."

"तुले कायले? तुह्यापाशी काय कमी हाय?"

"असं नाही माह्यापाशी," तो म्हणाला आणि पुढच्या ओट्याकडे निघाला.

आबा दोर वळायचे थांबले. थोड्या वेळाने त्यांनी आत हाक मारून सुनेला धुतलेले उपरणे मागितले. त्या दिवशी सुपडाजींच्या ओट्यावर किती घरे चढली ते मला माहीत नाही, मी तिथे थांबलो नाही. सूप दुपारी रिकामे झाले, असे माईंनी नंतर सांगितले. सुपडाजी त्यानंतर दोन आखाज्या जगले.

जगदेवची पुढे हैदराबादला, मग दिल्लीला बदली झाली. पत्रे येत, भेट झाली नाही. ती ज्वारी त्याच्या हातून पुरी झाली नाही. दहातली पाचच वर्षे त्याला मिळाली. मला तो दिसतो तो त्या गल्लीतला. प्रत्येक ओट्यापुढे तो थोडा थांबत होता. कोणी विचारले तर तेच सांगत होता, नाही विचारले तरी हात जरा पुढे करून दाखवत होता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्याला तो पुसता येत नव्हता.